ओळखीचं गिऱ्हाईक

६ जानेवारी

खारू,

आशीर्वाद. यातले निम्मे मामीचे आहेत, तिच्या वतीने मीच घातलेत.

पत्र आलेलं पाहून हसू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. परवा तू 'बढती' म्हणालीस, मला 'भरती' ऐकू आलं, आणि पोरगी दवाखान्यात भरती झाली या धसक्यात मी अख्खा दिवस काढला. शेवटी समोरच्या शिंप्याने तुला फोन लावून खुलासा केला तेव्हा कुठे घास उतरला. त्यापेक्षा कागद बरा. कागदाला बहिरेपण नसतं.

तर परवाना आणि तपासणी विभागाची उपप्रमुख. मी ते शिंप्याला दोनदा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे आता ही आपल्यालाच पकडणार. आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस तेव्हा सात वर्षांची होतीस, आणि पहिल्याच दिवशी दुकानात फळीवर चढून खडूंचा डबा खाली घेतलास. मामीने तिथल्या तिथे नाव ठेवलं, खारूताई. त्या खारीला आता ऑफिसात दार लावता येईल अशी खोली मिळाली. तुझी आई असती तर गावभर सांगत सुटली असती. तिच्या वाटचं मी सांगतो आहे.

दुकानाचं म्हणशील तर वर्तमानपत्रं आता म्हातारेच घेतात, आणि म्हातारे कमी होत चाललेत. वह्या-पेनांसाठी पोरं चौकातल्या मोठ्या दुकानात जातात. मध्यंतरी एका कंपनीचा माणूस आला. टाय, गोड बोलणं, सगळं. एक काचेचं कपाट फुकट लावून गेला, आतून दिवे असलेलं. त्यात त्या वाफेच्या सिगारेटी. व्हेप म्हणतात. जाड, रंगीबेरंगी, मला तर पहिल्यांदा पेनंच वाटली. आंबा, कलिंगड, पुदिना असले वास. दुकानात सगळ्यात जास्त उजेड आता त्या कपाटाचाच पडतो. पण त्याच्यावर दुकान चाललंय, खोटं कशाला बोलू.

मामी ठणठणीत आहे. हात कापतो म्हणून लिहीत नाही. वर एकटीला करमत नाही, म्हणून दिवसभर खाली दुकानात माझ्याजवळ बसते.

तुझा मामा


१५ जानेवारी

मामा,

पत्र ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं आणि 'भरती' वाचून एकटीच हसत बसले. आता सगळ्यांना वाटतं साहेबीण बरी आहे.

आता न हसण्याचं. ते कपाट काढून टाक.

रागावू नकोस, आधी ऐक. आधीची सरसकट बंदी उठवून नवा कायदा आलाय, तो माझ्याच विभागाने राबवायचा आहे. अठराच्या आतल्या कुणालाही या वस्तू विकायच्या नाहीत, आणि नुसत्या द्यायच्याही नाहीत. पंचविशीच्या आतलं कुणी वाटलं तर ओळखपत्र पाहायचं. कपाट शाळेच्या रस्त्यावरून दिसता कामा नये. तुझ्या दुकानासमोरून तर अख्खी शाळा जाते. चूक झाली तर परवाना जातो आणि दुकानाला टाळं लागतं. माल कुणाच्या हातून गेला ते कायदा विचारत नाही, परवाना कुणाचा तेवढंच बघतो.

तू म्हणशील, पेनासारखी वस्तू, तिचं एवढं काय. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक बाई तक्रार घेऊन आल्या. बसवाहक आहेत, गणवेशातच आल्या होत्या. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या शर्यतीत पहिली यायची. वर्षभर ती दप्तरात हे लपवून ओढत होती. आईला वाटायचं, मुलगी कसलंतरी सुवासिक लोशन लावते. आता ती दवाखान्यात आहे आणि जिना चढली तर तिला बसावं लागतं. बाईंनी मला एवढंच विचारलं, 'मॅडम, तिला हे कुणी विकलं असेल? त्याला पोरं नसतील का?'

मामी फोनवर का येत नाही? तीनदा केला, तीनदा तू म्हणालास झोपली आहे. उन्हाळ्यात मी आले नाही म्हणून रुसली असेल तर तसं सांग. हात कापत असला तरी खाली एक 'खारू' लिहायला काय होतं? तेवढंच मला पुरतं.

खारू


२ फेब्रुवारी

खारू,

तुझं पत्र मी नीट वाचलं. त्या बसवाल्या बाईंचं वाचून दिवसभर काही गोड लागलं नाही.

पण मामा कोण आहे हे विसरू नकोस. या रस्त्यावरची पोरं मी त्यांच्या बापांपासून ओळखतो. परवा सातवीतलं एक कार्टं आलं, आवाज घोगरा काढून म्हणालं, 'काका, ते पुदिन्याचं द्या, बाबांनी मागवलंय.' मी म्हटलं, बाबांना म्हणावं मी येतो घेऊन, चल, बरोबरच जाऊ. पोरगं सायकल तिथेच टाकून पळालं. सायकल न्यायला संध्याकाळी खरोखरच बाप आला, आणि मग त्या घरात काय झालं असेल ते तूच समज. तेव्हा वय मी विचारतो. काळजी नको.

कपाट आणखी आत सरकवलंय, रस्त्यावरून दिसत नाही. काढणार नाही. का ते विचारू नकोस. दुकान चालू राहणं मला आत्ता फार गरजेचं आहे, आणि पैसा हे त्याचं कारण नाही, एवढंच समज.

मामी रुसलेली नाही. ती कधी तुझ्यावर रुसलीय? दहावीच्या परीक्षेच्या आधी तू रोज एक नवं पेन मागायचीस, निळं, मग जांभळं, मग चकाकणारं. मी ओरडायचो आणि ती माझ्या पाठीमागून तुझ्या हातात सरकवायची. ती तशीच आहे. फक्त फोनचा तिला कंटाळा येतो.

थंडीचं जपून राहा.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

घाईत लिहिते. एक काम कर, माझ्यासाठी म्हणून कर. येत्या दिवसांत दुकानात कुणीही आलं तरी ओळखपत्र माग. ओळखीची पोरगी असली तरी. गोड बोलली, घाबरलेली वाटली, रडायला आली तरीसुद्धा. आणि तू मागे गेलास तर गल्ल्यावर दुसऱ्या कुणाला बसवू नकोस. दार ओढून घेऊन जा. मामीला वाईट वाटलं तर वाटू दे, मी तिची समजूत काढेन.

याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्या पंधरा वर्षांच्या मुलीला आता नळीतून प्राणवायू देतात. मी रविवारी जाऊन आले. ती आईला सारखी खिडकी उघड म्हणते, आणि खिडकी उघडीच असते.

खारू


१४ मार्च

मामा,

आज सकाळी कारवाईची यादी माझ्या टेबलावर आली. तुमच्या गावची तपासणी मी नात्यामुळे दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली होती, म्हणून यादी सही करण्यापुरतीच माझ्याकडे येते. चौथं नाव तुमच्या दुकानाचं होतं. सोळा वर्षांची मुलगी आत गेली आणि हातात वस्तू घेऊन बाहेर आली. वय विचारलं नाही. ओळखपत्र मागितलं नाही. काहीच विचारलं नाही.

मी तुम्हाला दोनदा लिहिलं होतं. पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. तुम्ही मला घोगऱ्या आवाजाच्या पोराची गोष्ट सांगितलीत आणि मी मूर्खासारखी ती ऑफिसात सगळ्यांना सांगितली, की आमचे मामा बघा कसे.

ती शर्यतवाली मुलगी काल गेली. तिच्या आईने गणवेश घातलेला नव्हता, म्हणून दवाखान्याच्या दारात मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांच्या मुलीलाही कुठल्यातरी ओळखीच्याच दुकानदाराने दिलं असणार. तोही म्हणत असेल, या रस्त्यावरची पोरं मी त्यांच्या बापांपासून ओळखतो.

तुमचं दुकान तीन महिने बंद राहील आणि परवाना रद्द होईल. मी सही केली.

मामीला काय सांगणार आहात ते तुमचं तुम्ही बघा.


२५ मार्च

खारू,

पत्र मिळालं. तू लिहिलंस ते बरोबर आहे. कपाट मी आणलं होतं, दुकान माझं, परवाना माझ्या नावावर. मला काही म्हणायचं नाही.

ती मुलगी गेली हे वाचलं. तिच्या आईला भेटलीस तर माझा उल्लेख करू नकोस.

सातव्या वर्षापासून तू मला 'अरे मामा' म्हणत आलीस. काल आलेल्या पत्रात 'तुम्ही' आहे. लिहिताना तुझ्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. माझ्या आलं.

एकच विचारतो. फेब्रुवारीतलं पत्र लिहिलंस तेव्हा तुला माहीत होतं का की तपासणीवाले येणार आहेत?

सध्या इकडे येऊ नकोस. मामीची तब्येत जरा नरमगरम आहे.

मामा


२ एप्रिल

मामा,

हो, माहीत होतं. ज्या मुली आम्ही पाठवतो त्यांना मीच शिकवते. आईबापांची परवानगी घेऊन त्या येतात. वय विचारलं तर खरंच सांगायचं, मोठं दिसायचा प्रयत्न करायचा नाही, हट्ट करायचा नाही. दुकानदाराला फसवायचं नाही, फक्त संधी द्यायची, चुकायची किंवा न चुकायची. तुझ्या रस्त्यावर जाणार हे मला महिनाभर आधी कळलं होतं. तुला सांगितलं असतं तर यादीतल्या बाकीच्या दुकानदारांनाही कुणी ना कुणी भाची असेलच, त्यांनी काय करायचं?

लिहिता आलं तेवढं लिहिलं. तू ओळखशील असं वाटलं होतं.

मी काय करायला हवं होतं ते सांग. शिव्या दे, पण उत्तर दे.

खारू


११ मे

मामा,

तुझं पत्र नाही. फोन वाजत राहतो. शिंप्याला केला तर तो म्हणाला दोघं बरे आहेत, आणि विषय बदलला. तो कधीच विषय बदलत नाही, एकदा धरला की सोडत नाही.

आज माझ्या ऑफिसात एक मुलगी आली. तुझ्या दुकानात गेली होती तीच. उंच आहे, शाळेच्या बास्केटबॉलच्या संघात खेळते. दारात बराच वेळ उभी होती, मग आत येऊन टेबलावर एक चुरगळलेली नोट ठेवली. म्हणाली, 'मॅडम, ही सरकारी आहे. माझ्याकडे राहिली. मी साहेबांना सांगितलं नाही.'

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं. दुकानात काका नव्हते. एक आजी होत्या. ही आत शिरल्याबरोबर त्या स्टुलावरून उठल्या आणि हिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, 'खारू, आलीस का गं? किती वाळलीस.' तिने शिकवल्याप्रमाणे कपाटाकडे बोट दाखवून एक मागितलं. आजींनी काच सरकवून निळं काढून दिलं आणि म्हणाल्या, 'परीक्षेला नवं पेन हवंच. शाई उतरली नाही तर घेऊन ये, बदलून देते.' हिने नोट पुढे केली. आजींनी ती परत तिच्या मुठीत कोंबली. 'घरच्या पोरीकडून पैसे घेतात होय?' असं म्हणाल्या. आणि मागच्या दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, 'मामा यायच्या आत पळ.'

मुलगी म्हणाली, 'मॅडम, मी खोटं बोलले नाही. पण मी खारू नाही हेही सांगितलं नाही. त्या इतक्या खूश झाल्या होत्या. पैसे परत आले हे सांगितलं तर केस बिघडेल असं वाटलं. खारू कोण हो?'

मी तिला सांगितलं की मला माहीत नाही. त्या पोरीला मी खरं बोलायला शिकवते.

मामा, मामीला काय झालंय?

मी अपील करू शकते. पैसे घेतले नाहीत, आजार आहे, मी स्वतः उभी राहून सांगेन. नोकरी गेली तरी चालेल. फक्त मला सांग.

खारू


१९ मे

खारू,

आता लपवण्यात अर्थ नाही.

दोन वर्षं झाली. आधी वाटलं वय झालं, विसरते. मग एकदा गॅस तसाच ठेवून निघून गेली. शोधता शोधता बसथांब्यावर सापडली. कुठे निघालीस विचारलं, तर म्हणाली, खारूला शाळेतून आणायचंय, उशीर झाला. मी म्हटलं, चल, मीही येतो. दोघं त्या बाकावर बसून राहिलो. बस आल्या नि गेल्या. शेवटी तिला थंडी वाजायला लागली तेव्हा घरी आलो.

डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोरच सांगितलं, हा विसरण्याचा आजार, वाढतच जाणार. तेव्हा तिला सगळं कळत होतं. घरी आल्यावर जिन्यात थांबून म्हणाली, 'खारूला सांगू नका. आईला जाताना बघितलंय पोरीने. मला असं जाताना नको बघायला. तिच्यापुरती मी आहे तशीच राहू दे.' मी शब्द दिला. तो शब्द तिला आता आठवत नाही, पण मला आठवतो. म्हणून फोन नाही, म्हणून हात कापतो, म्हणून झोपली आहे.

तू विचारलं होतंस की कपाट का काढत नाहीस. वर घरात ती हरवायची. स्वयंपाकघरात उभी राहून हे कुणाचं घर आहे विचारायची. पण जिना उतरून दुकानात आली की सगळं जागेवर. कुठली रिफिल कुठल्या पेनला बसते, आखीव वह्या कुठे, कोऱ्या कुठे, न बघता हात जायचा. गिऱ्हाईकांना वाटायचं, बाई अजून किती तरतरीत आहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, हातांची आठवण सगळ्यात शेवटी जाते. मग मी दुकान बंद होऊ देईन का? पेपर खपत नव्हते, त्या कपाटावर दुकान तगलं असतं, तर मी सैतानाचंही कपाट लावलं असतं. लावलंच.

तू लिहिलं होतंस, गल्ल्यावर कुणाला बसवू नको. ते वाचून मी तिला आत बसवून पाहिलं. लहान मुलासारखी रडायला लागली, म्हणाली, माझं काय चुकलं? म्हणून परत बसवलं.

त्या दिवशी मी मागे न खपलेल्या पेपरांचे गठ्ठे बांधत होतो. बाहेर आलो तर तुझ्या खात्याचा माणूस उभा, आणि मामीचा चेहरा असा की काय सांगू. मला म्हणाली, 'अहो, खारू येऊन गेली. केवढी उंच झाली.' दोन वर्षांत तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. तो माणूस ओळखपत्र दाखवत काहीतरी बोलत होता आणि मी तिच्याकडेच बघत होतो. मी तिला म्हटलं, हो का, मला भेटली नाही बघ. आणि त्याला म्हटलं, माझं दुकान आहे, माझी चूक आहे, कुठे सही करू?

अपील नको. त्यात तिचं नाव लिहावं लागेल, तिला चार लोकांसमोर बसवून ही कशी वेडी झाली ते सिद्ध करावं लागेल. आणि खारू, कशासाठी? तुझा कायदा चुकला नाही. मामीच्या हातून गेलं ते पेन होतं, पण माझ्या कपाटातून गेलं ते विषच होतं. तुझी ती मुलगी ते तुमच्याकडे जमा करणारी होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सातवीतलं ते कार्टं आलं असतं तर मामीने त्यालाही पेन दिलं असतं. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसत होतं, पण मी बघत नव्हतो.

दुकान बंद झाल्यापासून ती रोज सकाळी खाली जाऊन बंद शटरसमोर उभी राहते. आधी विचारायची, आज उघडायचं नाही का? आता विचारत नाही, नुसती उभी राहते. शिंपी त्याच्या दुकानातून स्टूल आणून देतो.

शब्द मोडलाय, तो माझ्यावर. तू ये.

मामा


३ जून

मामा,

काल तुझ्याकडून निघून गाडीत बसल्यापासून तुला सांगू की नको असं चाललंय. समोर सांगता आलं नाही.

तू औषधं आणायला गेलास तेव्हा मामी खिडकीशी बसली होती. मी आले तेव्हा तिने मला 'या बसा' म्हटलं होतं, पाहुण्यांना म्हणतात तसं, ते तू ऐकलंस. तू गेल्यावर मी तिच्या पायाशी बसले. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आठवतंय. मग तिने विचारलं, 'वय काय तुझं?'

तू म्हणाला होतास की त्या दिवसानंतर तू तिला सारखं बजावायचास, वय विचारायचं, वय विचारायचं, आणि एकदा जोरात ओरडलास. आता दुकान नाही, पण ती सगळ्यांना विचारते, डॉक्टरांनाही. तू ते हसून सांगितलंस म्हणून मीही हसले होते. माझ्यावर वेळ आली तेव्हा हसता आलं नाही.

मी म्हटलं, चौतीस. ती म्हणाली, 'कागद दाखव.' मी पर्समधून ऑफिसचं कार्ड काढून दिलं. तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे, असं किती वेळ. मग कार्ड माझ्या हातात देऊन माझी बोटं मिटली आणि म्हणाली, 'लहान आहेस. घरी जा. कुणीतरी वाट बघत असेल.'

मी म्हटलं, 'मामी, मी घरीच आलेय गं.' तिने मान हलवली, समजुतीने, दुकानात एखाद्या हट्टी गिऱ्हाइकाला हलवायची तशी. तेवढ्यात तुझी पावलं जिन्यात वाजली, म्हणून मी डोळे पुसून उठले.

रुसली आहे असं मला वाटत होतं, मामा. तिने एक शब्द लिहिला नाही म्हणून मी वर्षभर मनात तिच्याशी भांडत होते. आणि ती माझ्यासाठी बसथांब्यावर बसलेली.

बुधवारी मी पुन्हा मुलींना पाठवणार आहे, दुसऱ्या गावात. तू म्हणालास पाठव, म्हणून नव्हे. त्या बसवाहक बाई आता कामावर रुजू झाल्यात. माझ्या घरावरून जाणाऱ्या बसवर त्या असतात. मी त्याच बसने जाते. आम्ही एकमेकींशी बोलत नाही, त्या फक्त तिकीट देतात. त्यांच्यासमोर उभं राहता यावं म्हणून मला हे काम करावंच लागेल. पण यादी टेबलावर आली की प्रत्येक दुकानाच्या नावापुढे मला आता एक म्हातारी बाई स्टुलावर बसलेली दिसते, आणि सही करायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

मार्चमधलं माझं पत्र फाडून टाक.

तुझी खारू


२८ जुलै

खारू,

फाडलं.

मामीने खाली जाणं सोडलंय. एक दिवस उठलीच नाही, मी चपला समोर ठेवल्या तर त्यांच्याकडे बघून हे काय आहे असं तोंड केलं. मला हायसं वाटलं आणि मग तसं वाटल्याचीच लाज वाटली. दुकानाची जागा एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला दिली. पोरगेला आहे, कामात मान खाली घालून असतो. कंपनीचा टायवाला कपाट न्यायला आला होता. त्याने विचारलं, बाई कशा आहेत? बरा माणूस आहे तसा, त्याच्याही घरी कुणी असेल. मी त्याला कपाट उचलायला हात लावला नाही, एवढंच केलं.

वयही विचारत नाही ती आता. बोलतेच कमी. संध्याकाळी तिचा हात धरून बसतो. कधी दाबते, कधी नाही. मी तिला तुझ्याबद्दल सांगत असतो, ऑफिसची खोली, बुधवारची कामं. आधी कुणाबद्दल बोलतोय ते कळावं म्हणून 'खारू' म्हणायचो. परवा ध्यानात आलं की त्या नावालाही ती आता वळून बघत नाही. तरी सांगतो.

डॉक्टरीणबाई म्हणतात, हिवाळ्यापर्यंत. त्या स्पष्ट बोलतात, मला ते बरं वाटतं.

शिंपी म्हणाला, भाचीला कशाला उगीच एवढ्या लांबून बोलावतोस, इथे कोण आहे तिला ओळखणारं. मी त्याला त्याच्या टेबलावरची कात्री उचलून दाखवली. पण त्याचं म्हणणं मी मनात घोळवत राहिलो, म्हणून लिहितो.

तू येत जा. सुट्टी मिळेल तेव्हा, एका दिवसासाठी का होईना. दार वाजलं, तू आत आलीस, तिच्याजवळ बसलीस, तर कोण आलंय ते तिला कळणार नाही.

मला कळेल.

मामा